नवं नाटक लागलंय

मराठी वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान वाचायला सराव लागतो. ‘शनि. दु. ४ गडकरी, रवि. स. ११ दीनानाथ, रवि. रात्रौ ८.३० अत्रे’ एवढ्या आडव्या ओळीवरून सराईत माणूस सांगतो, की नाटक सध्या ठाणे-पार्ले-कल्याण असं फिरतंय, पुण्याला अजून गेलेलं नाही आणि प्रमुख नटाचं बहुधा मालिकेचं चित्रीकरण चालू आहे, म्हणून फक्त शनिवार-रविवार मिळतोय. प्रयोगाच्या आकड्यावरून त्याला नाटकाची तब्येत कळते. सलग दोन रविवार जाहिरात दिसली नाही, तर त्याला घरातलं कुणी आजारी असल्यासारखी काळजी लागते. आणि चौकटीत ‘शुभारंभाचा प्रयोग’ दिसला, की तो आधी वार बघतो आणि मग त्या दिवशी नात्यात कुणाचं लग्न-बारसं आहे का ते आठवतो. असलं तरी फारसं बिघडत नाही. आहेर आदल्या दिवशी पोचवता येतो.

पुढचे लेख नव्या नाटकांवर आणि नव्या संगीत नाटकांवर आहेत. ही प्रस्तावना मात्र ती नाटकं बघायला धावणाऱ्या या माणसावर आहे.

त्याच्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. नाटकाची आवड म्हणजे जुन्याची आवड, असं आपल्याकडे पक्कं ठरून गेलं आहे. बालगंधर्वांच्या पदांची तबकडी लावून डोळे मिटणारा तो खरा रसिक. काल आलेल्या, अजून परीक्षणही न छापलेल्या नाटकाचं तिकीट काढणारा म्हणजे नुसता उत्साही. ‘संगीत नाटक संपलं’ हे वाक्य तर मराठी घरांत दोन-तीन पिढ्या सुखाने म्हटलं गेलं आहे. पण ज्या नाटकांच्या आठवणीने हे उसासे टाकले जातात, ती पहिल्या दिवशी कशी होती हे पाहिलं, तर या उत्साही माणसाची कुळी भलतीच जुनी निघते.

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा पदं म्हणण्याचं काम सूत्रधाराचं होतं. पात्रं येत, सूत्रधार गाई, पात्रं हावभाव करत आणि आयत्या वेळी सुचेल ते बोलत. पुढची जवळजवळ चार दशकं हाच रिवाज. मग अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ पाहिलं आणि असं काही मराठीत का होऊ नये, या इरेला पडून शाकुंतल हाती घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचे पहिले चार अंक झाले. पूर्ण नाटक तयारच नव्हतं! दुष्यंताचं पद दुष्यंताने म्हणायचं आणि शकुंतलेचं शकुंतलेने, ही गोष्ट आज सांगायचीही गरज वाटत नाही. त्या रात्री बसलेल्यांना मात्र ती अजब नवलाई होती. त्या प्रेक्षकांनी परंपरा जपायला तिकीट काढलेलं नव्हतं. शहरात काहीतरी नवं लागलं होतं, म्हणून ते गेले होते.

दोनच वर्षांनी ‘सौभद्र’ आलं. महाभारतातली सगळी थोर माणसं त्यात एखाद्या खात्यापित्या मराठी घरातल्यासारखी वागतात. थोरला भाऊ रागीट, धाकटा कावेबाज, बहिणीचं लग्न नको तिथे ठरतंय आणि वहिनीला सगळं आतून ठाऊक आहे. हे नाटक अजून होतं आणि अजून हशा घेतं.

१९११ चं ‘मानापमान’ हाही तसाच धक्का होता. किर्लोस्करांच्या पदांना साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि कर्नाटकी चाली होत्या. खाडिलकरांच्या या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी बांधल्या, आणि त्या हिंदुस्थानी संगीताच्या अंगाने गेल्या. १९१६ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ला चाली दिल्या, तेव्हा गवयाच्या बैठकीतलं गाणं सरळ रंगमंचावर येऊन बसलं. नाट्यसंगीत म्हणून आज जे ओळखलं जातं, ते अशा दोन-तीन धाडसांतून तयार झालं आहे. आणि ८ जुलै १९२१ च्या ‘संयुक्त मानापमान’ची कथा तर आजही सांगितली जाते. मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच प्रयोगात भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन मालक एका पडद्याखाली. नाटक दहा वर्षांचं जुनं, पण प्रयोग असा, की पूर्वी कुणी पाहिलेला नाही. त्याच वर्षी केशवराव गेले. ज्यांना तिकीट मिळालं, त्यांनी ती रात्र आयुष्यभर मिरवली असणार.

बोलपट आल्यावर कंपन्यांचे दिवस भरले, हे सगळ्यांना माहीत आहे. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, पदं आखूड आणि मोजकी केली. हाही नवेपणाच; फक्त यात गाणं मागे सरलं.

ते पुन्हा पुढे आलं साठच्या दशकात. त्या दशकाकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण आजचा नाट्यवेडा कळत-नकळत तिथलीच मोजपट्टी वापरतो. १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’पासून जितेंद्र अभिषेकींचं पर्व सुरू झालं. पदं लहान, चाली घट्ट, नट गात बसला म्हणून नाटक थांबलं असं होत नाही. १९६६ च्या ‘लेकुरे उदंड जाहली’त कानेटकर आणि अभिषेकींनी आणखी एक गंमत केली. श्रीकांत मोघ्यांसारख्या नटाने संवाद म्हणता म्हणता गाण्यात शिरायचं आणि गाता गाता पुन्हा बोलण्यावर यायचं, अशी ती रचना. गवई नसलेल्या नटालाही संगीत नाटक करता येतं, हे त्यामुळे सिद्ध झालं. आणि २४ डिसेंबर १९६७ ला ‘नाट्यसंपदा’ने ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आणलं. दारव्हेकरांच्या या नाटकात गाणं हाच भांडणाचा विषय आहे. कुणाचं घराणं मोठं, विद्या कुणाला द्यायची, कुणापासून राखायची. खाँसाहेब गातात ते प्रसंगाची शोभा वाढवायला नव्हे; त्या गाण्यावरच पुढचा प्रसंग ठरतो. पदं काढून टाकली तर कथाच उरत नाही. वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब पाहिलेल्या पिढीने पुढे कुणालाच त्या जागी मानणार नाही असं म्हटलं होतं. २०१० मध्ये त्यांचाच नातू राहुल त्या भूमिकेत उभा राहिला, तेव्हा हीच मंडळी नातवंडांना घेऊन रांगेत होती.

‘गाणं काढलं तर नाटक उरतं का?’ हीच ती मोजपट्टी. उरत असेल, तर ते गाण्यांचं नाटक. संगीत नाटक नव्हे. ही कसोटी लावली, की एक मजा होते. ज्यांच्या जाहिरातीत ‘संगीत’ हा शब्द कधी छापलाच नाही, अशी नाटकं यादीत येऊन बसतात. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झालेलं ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. ओळीने उभी असलेली ब्राह्मणांची रांग क्षणात भिंत होते, पाठ फिरवली की गर्दी होते, डुलू लागली की कीर्तनाचा श्रोता होते. कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचाली आणि भास्कर चंदावरकरांचं संगीत वगळून ‘घाशीराम’ सांगताच येत नाही. १९७४ च्या सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. चंद्रकांत काळे ते गात, आणि प्रेक्षकाला हसावं की गप्प बसावं हे ठरवता येत नसे. पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त ब्रेख्तच्या गोष्टीला लावणी, नाट्यपद आणि नंदू भेंड्यांचं पाश्चात्त्य ढंगाचं गाणं एकाच ताटात वाढलं होतं. गंमत म्हणजे याच पुलंनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा ती गद्यच ठेवली. त्याच नाटकावरून ब्रॉडवेने १९५६ मध्ये ‘माय फेअर लेडी’ हे गाजलेलं संगीतक केलं होतं, तरीही! आणि भक्ती बर्व्यांच्या तोंडचं स्वगत लोकांनी गाण्यासारखं पाठ केलं.

आता नव्या नाटकाचा पहिलाच प्रयोग कशाला बघायचा, या नेहमीच्या प्रश्नाकडे वळू. शहाणी माणसं म्हणतात, पंचविसाव्याला जावं. नाटक बसलेलं असतं. खरं आहे. पहिल्या प्रयोगात एखादा दरवाजा अडकतो, प्रकाश नटाच्या आधी पोचतो, दुसरा अंक वीस मिनिटं लांबतो. पण नाट्यवेड्याला नेमकं तेच बघायचं असतं. शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून दिग्दर्शक उभा असतो. त्याचं लक्ष रंगमंचावर कमी आणि प्रेक्षकांच्या पाठींवर जास्त. कुठे लाफ्टर आला, कुठे यायला हवा होता आणि आला नाही, कुठे खुर्च्या करकरल्या, कुठे खोकला सुरू झाला. मराठी प्रेक्षकाचा खोकला हे फार स्पष्ट परीक्षण असतं. मग पुढच्या प्रयोगांत वाक्यं गळतात, एखादं कडवं जातं, एंट्री अलीकडे येते. दहा-पंधरा प्रयोगांनी तोच माणूस पुन्हा जातो आणि मध्यंतरात, हातात बटाटेवडा धरून, ओळखीच्यांना सांगतो, ‘तो फोनचा सीन काढला बघा त्यांनी.’ जणू यानेच सुचवलं होतं. एका अर्थी सुचवलं होतंच. त्याच्यासारख्या आठशे जणांनी मिळून.

हे शक्य होतं ते आपल्या नाटकाच्या फिरतेपणामुळे. लंडन-न्यूयॉर्कमध्ये मोठं संगीतक एका थिएटरात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं. छतात यंत्रं, खाली वादकांचा ताफा, सगळं तिथेच पक्कं. आपल्याकडे पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशी एकाच दिवशी तीन वेगळी नाटकं होऊ शकतात. साडेपाचचं नाटक संपून पडदा पडला, की बॅकस्टेजची मुलं पंधरा-वीस मिनिटांत दिवाणखाना उचलून बाहेर नेतात, तोवर रात्रीच्या नाटकाचा सेट दारात टेम्पोतून उतरत असतो. फ्लॅटला फ्लॅट जोडायचे, ब्रेस ठोकायचे, लाइट लावून बघायचे, माइक तपासायचे आणि पहिल्या घंटेच्या आत रंगमंच रिकामा करायचा. दुसऱ्या दिवशी हेच सगळं नाशिकच्या कालिदासला. म्हणजे नेपथ्यकाराला टेम्पोत मावेल एवढंच जग उभं करता येतं. संगीत दिग्दर्शकाचंही तसंच. ऑर्गन, तबला आणि त्यांचे वादक घेऊन गावोगाव फिरायचं तर प्रत्येक प्रयोगाचा खर्च वाढतो. ध्वनिमुद्रित संगीत लावायचं तर नटाच्या लयीला मोकळीक राहत नाही. नवं संगीत नाटक दुर्मीळ का, याचं उत्तर रसिकांच्या अभिरुचीत शोधण्याआधी या हिशेबात शोधावं.

म्हणूनच ‘संगीत देवबाभळी’चं यश इतकं बोलकं आहे. नाशिकच्या प्राजक्त देशमुखची ही एकांकिका. २०१७ मध्ये भद्रकाली प्रॉडक्शन्सने तिचं पूर्ण नाटक व्यावसायिक रंगमंचावर आणलं. पात्रं दोनच. तुकोबांसाठी भाकरी घेऊन डोंगर चढणाऱ्या आवलीच्या पायात काटा रुततो आणि तो काढायला साक्षात विठ्ठल येतो. पाय बरा होईपर्यंत तिची देखभाल करायला रखुमाई लखुबाई बनून देहूच्या घरात राहते. एकीचा नवरा देवापायी घर विसरलेला, दुसरीचा नवरा भक्तांपायी. आवली विठ्ठलाला मनसोक्त शिव्या घालते आणि ऐकणारी कोण आहे हे तिला माहीत नाही, प्रेक्षकाला मात्र आहे. या एका खुंटीवर अख्खं नाटक टांगलेलं आहे. शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी दोघीही स्वतः गात. आनंद ओक यांचं संगीत अभंग-ओवीच्या मातीतलं. गाणं सुरू झालं हे कित्येकदा दोन ओळी झाल्यावर ध्यानात येतं, कारण काम करता करता बाई गुणगुणू लागावी तसं ते येतं. जुन्या नाटकात अशा जागी ‘वन्स मोअर’ आला असता. इथे कुणी देत नाही. टाळ्यासुद्धा उशिरा पडतात. रसिक बदलला तो असा. दोन माणसांचं, देवाधर्माचं, जाहिरातीत ‘संगीत’ लिहिलेलं नाटक चालणार नाही, असं व्यवसायातल्या जाणत्यांना वाटणं साहजिक होतं. ते शेकडो प्रयोग चाललं, आणि पहिल्या काही प्रयोगांना गेलेल्यांनी फोन करकरून बाकीच्यांना पाठवलं, याचा त्यात मोठा वाटा आहे.

एकांकिकेतून नाटक हा रस्ता तसा मळलेला. १९९३ च्या ‘ऑल द बेस्ट’ची सुरुवातही तशीच झाली होती. त्यामुळे पट्टीचा नाट्यवेडा नाटकाच्या शुभारंभाचीही वाट बघत नाही. तो मूळ झऱ्यापाशी, एकांकिका स्पर्धांना जातो. पुण्यात १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडकाला भरतच्या गॅलरीत ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्यांत बसतो, नाहीतर २५ जानेवारीची अख्खी रात्र चतुरंगच्या ‘सवाई’ला जागून काढतो. पहाटे बाहेर पडताना त्याच्या तोंडी दोन-तीन नावं असतात. ती नावं पाचेक वर्षांनी सगळ्यांच्या तोंडी येतात, आणि मग तो असह्य होतो.

‘संगीत’ या शब्दाचा परीघ तर कधीच दादर-डेक्कनच्या बाहेर गेला आहे. २०१२ मध्ये राजकुमार तांगडेंनी लिहिलेलं, नंदू माधवांनी बसवलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आलं. जालना जिल्ह्यातले शेती-मातीतले नट आणि संभाजी भगतांची शाहिरी. तिथे गाणं पोवाड्याच्या बाण्याने येतं, वाद घालतं आणि प्रेक्षकाकडून उत्तर मागतं. ‘संगीत बारी’त भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी शकुंतलाबाई नगरकरांसारख्या कलावतींना मधोमध बसवून बैठकीची लावणी कशी ऐकायची, अदा कशी वाचायची, हे शहरी प्रेक्षकाला शिकवलं. शिट्टी मारायला आलेले लोक तिथे कान टवकारून बसलेले दिसत.

आणि पूर्वेला झाडीपट्टी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात धान निघालं, की दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम उघडतो. देसाईगंज-वडसा ही त्याची पेठ; कंपन्यांची कार्यालयं ओळीने तिथे. गावात मंडप पडतो, नाटक रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं, गाण्यांशिवाय तर पान हलत नाही, आणि दर हंगामात गावाला नवं नाटक लागतं. झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्यातल्या अनेकांनी ही रंगभूमी नकाशावर प्रथमच शोधली. ही आपल्या नाट्यप्रेमाची खरी लाज. गोव्यात देवळाच्या उत्सवात गावकरीच तोंडाला रंग लावून रात्र रात्र मराठी नाटकं करतात, आणि पणजीच्या कला अकादमीच्या संगीत नाटक स्पर्धेत ताज्या दमाचे गायक नट दिसतात. मुंबईच्या निर्मात्यांनी तिकडे अधिक चकरा मारायला हरकत नाही.

२०२३ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातलं नवं सांस्कृतिक केंद्र उघडलं आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ तिथे येऊन दाखल झालं, तेव्हा आपला नाट्यवेडा खिसा चाचपून तेही पाहून आला. त्याला ते आवडलं. दृश्यं सरकन बदलतात, वादक समोर वाजवतात, शब्द न् शब्द ऐकू येतो. बाहेर पडल्यावर त्याच्या मनात आलं ते असं, की हीच ध्वनियोजना आपल्या नगरपालिकांच्या नाट्यगृहांत असती तर! तिथे वातानुकूलन बंद पडतं, स्वच्छतागृहाबद्दल न बोललेलं बरं, आणि माइकची खरखर हा एक अलिखित वाद्यमेळ असतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली वास्तू, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. लोक रात्री रस्त्यावर उभे राहून रडत होते. नाट्यगृहांची देखभाल हा बातमीचा विषय व्हायला आगच लागावी लागते, हे काही बरं नाही.

या माणसाचे दोषही सांगायला हवेत. तो सहज भारावतो. पहिल्या प्रयोगानंतर ग्रीनरूममध्ये जाऊन ‘तोडलंत!’ म्हणून येतो आणि पार्किंगमध्ये खरं बोलतो. नव्याच्या नादात एखाद्या जुन्याच मसाल्यालाही प्रयोगशील म्हणून बसतो. त्यातले काही पासवर येतात. त्यांना या जमातीत धरू नये. तिकीटखिडकीवर पैसे मोजून जो पडेल नाटकही शेवटपर्यंत बघतो, तोच नाट्यवेडा.

अशाच प्रेक्षकांच्या चष्म्यातून पुढचे लेख लिहिले आहेत. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर नाट्यगृहाचं नाव आणि प्रयोगाचा क्रमांक मुद्दाम छापला आहे, कारण तिसऱ्या प्रयोगातलं नाटक आणि शंभराव्यातलं नाटक यांत पुष्कळ फरक पडतो. यातली काही नाटकं वाचकाच्या हाती हे पान येईपर्यंत बंद झालेली असतील, काहींत नट बदललेले असतील. ज्या नाटकांना लेखक पुन्हा गेले आणि मत फिरलं, तिथे दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवली आहेत. पहिलं खोडलेलं नाही.